पर्थचें ऊन आणि खर्च
गतवर्षीं पौष-माघ आम्ही चिरंजीवांकडे पर्थ नगरीं काढले. तेव्हां तेथें ऐन उन्हाळा. ॲडलेड हें जवळचें मोठें शहर. तेंही सुमारें २,१०० किलोमीटर, आणि वाटेंत नलारबोरचें वृक्षहीन पठार! ऊन फुकट, पाणी मात्र नव्हे. पाऊस घटला, म्हणून २००६ पासून क्विनाना येथें समुद्राचें पाणी गोडें करून नळांस सोडतात. मध्यवस्तींत बस फुकट. तींतून आम्ही उगीच हिंडलों. परंतु जेथें मनुष्याचा हात लागतो तेथें दर भिववितो. श्मश्रूचा दर रुपयांत मांडून आम्ही पायरीवरूनच परतलों. सायंकाळीं कामावरून थकून आलेल्या सूनबाईंनीं मुकाट्यानें कात्री घेतली. त्यांच्यापुढें लवविलेली मान आम्हांस लवकर वर करवेना.