पहिल्या लेव्हलचा मुक्काम

जालन्याच्या नव्या मोंढ्यात आडतीच्या दुकानांवर संगणक आले, तेव्हा हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पाठोपाठ एक खेळही आला. अंतराळाचं चित्र असलेला पिनबॉल. तो कुणी मागवला नव्हता. विंडोजच्या पोटातूनच निघाला. मामांच्या दुकानात दुपारी मालाची आवक थांबली की मुनीमजी चष्मा कपाळावर सारत, दोन कळांवर दोन बोटं ठेवत, आणि चकचकीत गोळी खळखळत वर जाई. सोयाबीनच्या पोत्यांचा वास, बाहेर हमालांच्या गप्पा आणि आत ती गोळी. मी बाजूला उभी राहून बघत असे.

पुढे कधीतरी वाचनात आलं की तो खेळ मुळात तीन टेबलांचा. मॅक्सिस या कंपनीनं १९९५ मध्ये 'फुल टिल्ट! पिनबॉल' काढला. त्यातलं 'स्पेस कॅडेट' हे एकच टेबल मायक्रोसॉफ्टनं विंडोजबरोबर वाटलं. समुद्री चाच्यांचं आणि ड्रॅगनचं अशी दोन टेबलं मागेच राहिली. हे कळल्यावर मला फार आनंद झाला. म्हणजे मुनीमजी, मामा, मी, नगरपालिकेतले कारकून, झेरॉक्सवाले, आम्ही सगळे वर्षानुवर्षं एका खेळाचा तुकडाच खेळत होतो आणि त्यात कुणाला काही कमी पडलं नव्हतं.

मी लहर आली की खेळणारी बाई आहे. दिवसभर बियाण्यांच्या प्रयोगशाळेत असते. रात्री जेवणं उरकली की तासभर माझा. त्या तासात मोठा खेळ मावत नाही, पण डेमो मावतो. आणि खरं सांगायचं तर मला डेमोच अधिक प्रिय आहे. पहिला अर्धा तास, अनोळखी जग, अजून कोणती कळ दाबल्यावर काय होतं हे बोटांना ठाऊक नाही, पहिल्या वळणाच्या पलीकडे काय आहे याची हुरहूर. खेळ रचणाऱ्यानं स्वतःचं सगळं मन त्या सुरुवातीत ओतलेलं असतं, कारण त्याला तुम्हाला थांबवून ठेवायचं असतं. हे इतकं प्रेमानं केलेलं काम फुकट हातात मिळतं, याचं मला आजही नवल वाटतं.

आमच्याकडे डेमो यायचे ते मासिकांच्या सीडीतून. दादा तेव्हा औरंगाबादेत शिकत होता. शनिवारी येताना 'चिप' आणायचा. २००१ नंतर 'डिजिट'. मासिक आई-बाबांसाठी टेबलावर राही आणि सीडी आम्ही पळवत असू. तिच्यात अँटिव्हायरस, टंक, घड्याळांचे स्क्रीनसेव्हर असं बरंच काही असे. त्या सगळ्याला ओलांडून आम्ही थेट खेळांच्या फोल्डरकडे जायचो. इन्स्टॉल होताना निळी पट्टी सरकत असे, तेव्हा दादा बोलूही देत नसे.

त्यात एकदा 'एज ऑफ एम्पायर्स'ची ट्रायल मिळाली. नकाशावर काळोख, मधोमध तीन-चार माणसं आणि एक झुडूप. माणसांना झुडपाकडे पाठवलं की ती फळं वेचायला लागत, काळोख थोडा मागे हटे आणि जमीन दिसू लागे. हित्ती लोकांचं राज्य होतं ते. इतिहासाच्या पुस्तकात हित्ती आमच्या वाट्याला आले नव्हते. त्यांची पहिली ओळख या डेमोनं करून दिली. मी लढाईला फार जात नसे. माणसांकडून शेतं करून घ्यायची, घरं एका ओळीत बांधायची, आणि दादा हाका मारत राही, "अगं, सैन्य तयार कर, ते येतील!" ते येतच. घरं जळत. पुन्हा सुरू करायचं.

आणि पुन्हा सुरू करायला वीजही लागायची. ते भारनियमनाचे दिवस होते. मराठवाड्यात तर वीज असण्याचेच तास मोजून ठेवावे लागत. वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं, बाबा ते कापून फ्रिजवर चिकटवायचे. वीज आली की आधी पाण्याची मोटर, मग गिरणी, मग इस्त्री, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात संगणक. यूपीएस फार टिकत नसे. तो किंचाळायला लागला की दोन-तीन मिनिटांत खेळ गुंडाळायचा. एवढ्याशा वेळात पूर्ण खेळ कोण खेळणार? डेमो मात्र त्या उजेडात बरोबर बसायचा. सुरुवात, मध्य आणि शेवटी तो पडदा, ज्यावर लिहिलेलं असे की बाकीचा खेळ विकत घ्या. किंमत डॉलरमध्ये असे. आम्ही ती वाचायचो आणि संगणक बंद करून गच्चीवर जायचो.

गच्चीवर पुढचा खेळ सुरू होई. उन्हाळ्यात सगळे वरच झोपत. शहरभर अंधार, फक्त एमआयडीसीकडे रोलिंग मिलच्या भट्ट्यांचा तांबूस उजेड आकाशाला लागलेला. दादा हलक्या आवाजात सांगायचा, त्या दारापलीकडे काय असेल, नदी ओलांडल्यावर कुणाचं राज्य लागेल, शेवटी कोण भेटेल. त्यानं एकही खेळ शेवटपर्यंत खेळलेला नव्हता आणि त्याला सगळ्यांचे शेवट माहीत होते. नंतर त्यातले काही खेळ मी खरोखर पुरे केले. दादाचे शेवट जास्त चांगले होते, असं माझं मत आहे आणि ते बदलायचं कारण मला सापडलेलं नाही.

खेळाचा पहिला भाग फुकट द्यायचा आणि बाकीचा विकायचा, ही रीत तशी जुनी. 'डूम' हे तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरनं तीन भागांपैकी पहिला भाग सर्वांसाठी मोकळा सोडला, नऊ लेव्हलचा, आणि वर सांगितलं की नक्कल करा, वाटा. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर तो चढवला गेला तेव्हा लोकांच्या गर्दीनं सर्व्हरच कोलमडला. नंतर फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो जगभर गेला. नऊ लेव्हल! एवढं मोठं दान देताना त्या तरुण मुलांच्या छातीत केवढा विश्वास असेल. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तोच एवढं मोकळेपणानं हातात ठेवतो.

आमच्या जिल्ह्यात ही रीत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात 'महिको' सुरू केली, आणि पुढे हे शहर बियाण्यांचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. रस्त्याकडेच्या वावरात वाणाची पाटी लावलेला कपाशीचा डेमो प्लॉट दिसतो, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात पिकांची प्रात्यक्षिकं असतात. शेतकरी येतो, बोंड हातात घेऊन दाबतो, पान उलटून तुडतुडे बघतो, शेजारच्या तासाशी ताडतो आणि काही न बोलता पुढं जातो. कामानिमित्त मी त्या बांधावर उभी राहिले आहे. तिथं मला नेहमी एक गोष्ट जाणवते: दहा गुंठ्यांचा असला तरी तो प्लॉट पेरणीपासून वेचणीपर्यंत पुरा जगलेला असतो. त्यानं पाऊस सोसलेला असतो, ऊन खाल्लेलं असतं. तो लहान असतो, अर्धा नसतो.

डेमोकडून माझी हीच अपेक्षा असते. पुष्कळ डेमो नुसते कापलेले असतात; खेळ चालू असतो आणि मध्येच कुणीतरी दार लावून घेतं. काही मात्र मुद्दाम घडवलेले असतात. 'हाफ-लाइफ'च्या लोकांनी १९९९ मध्ये 'अपलिंक' नावाचा डेमो काढला, तो मूळ खेळात नसलेल्या भागांचा होता. 'द स्टॅनली पॅरेबल'च्या २०१३ च्या डेमोत तर खऱ्या खेळातलं काहीच नाही. डेमो म्हणजे काय, याचाच तो सगळा फेरफटका. एका छोट्या दालनासाठी स्वतंत्र वास्तू उभारावी, तसं ते काम आहे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि बदल्यात थेट काही मिळत नाही.

'पी.टी.'ची गोष्ट मात्र मनातून जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर तो अवतरला. एक घर, घरातला वळणाचा बोळ. बोळाच्या टोकाचं दार उघडलं की पुन्हा तोच बोळ, फक्त काहीतरी थोडं बदललेलं. कोडं सुटलं की कळायचं, हिदेओ कोजिमा आणि गिलेर्मो देल तोरो यांच्या 'सायलेंट हिल्स'ची ही चाहूल आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तो खेळच रद्द झाला आणि डेमो दुकानातून काढून टाकला. ज्यांच्या यंत्रात तो आधीच उतरवलेला होता, त्यांनी तो जपून ठेवला. मी तो दुसऱ्यांना खेळताना पाहिला आहे. ज्या घराची ती ओसरी होती ते घर बांधलंच गेलं नाही आणि लोक अजून त्या ओसरीवर येऊन बसतात.

आता डेमोंची टंचाई नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून किमती रुपयांत दिसू लागल्या, पुढच्याच वर्षी जिओ आलं आणि गीगाबाइट हा शब्द आमच्या गल्लीतही सहज वावरू लागला. वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, स्टीमवर 'नेक्स्ट फेस्ट' भरतो. आठवडाभर शेकडो डेमो एकाच वेळी खुले. जूनचा आठवडा मृगाच्या आसपास येतो. तेव्हा आमच्या लॅबमध्ये नमुन्यांचा ढीग असतो. चारशे बी मोजायचं, उगवण बघायची, ती ठरलेल्या किमान टक्केवारीइतकी हवी. डोळे शिणलेले असतात. तरीही रात्री मी डेमो उघडतेच. निम्मे पाच मिनिटांत बंद करते. न लाजता करते. तुम्ही बघा, असंच तर खेळ करणाऱ्यांनी म्हटलेलं असतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' मला असाच भेटला. लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न यशस्वी झाला नव्हता. तरी ते काम करत राहिले आणि २०२० मध्ये खेळ बाहेर आला. राखीपौर्णिमेच्या सणात कसरती करणारी मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला पळवून नेणारे राक्षस, आणि मधल्या कथेसाठी सावल्यांच्या बाहुल्या. डेमोत राजी भिंतीवरून पळाली, खांबाला गिरकी घेऊन उतरली, तेव्हा माझा भाचा कधी मागे येऊन उभा राहिला ते कळलं नाही.

"मावशी, पैसे भरले का ह्याचे?"

"नाही रे. आधी खेळून बघा म्हणतात."

"अन् नाही आवडला तर?"

"तर राहू दे म्हणायचं."

"चांगली माणसं हायेत की," तो म्हणाला आणि माझ्या हातातून कंट्रोलर घेतला. 'राजी' आम्ही विकत घेतला. भावाला शोधत निघालेली बहीण; मला दुसरं काही सुचलंच नाही.

'फिशबोल' हाही आपल्याकडच्याच दोघा-तिघांनी केलेला खेळ. आजी नुकतीच गेलेली, मुलगी परक्या शहरात एकटी, घरूनच काम. दात घासायचे, आईशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं, आजीच्या सामानाचे खोके उघडायचे. इथं कुणाला मारायचं नाही, कुठं पोहोचायचं नाही. डेमो संपल्यावर मी दादाला फोन केला. तो आता बंगळुरूला असतो. आजीच्या लोखंडी पेटीबद्दल आम्ही बराच वेळ बोललो.

भाच्यानं परवा विचारलं, आपल्या जालन्याचा का नाही एखादा? तेव्हापासून तो डेमो माझ्या मनात तयार होतो आहे. अंबडच्या वाटेवरची मोसंबीची बाग, आंबिया बहाराची फुलं, बागेला पुरेल एवढं पाणी विहिरीत नाही. खेळणाऱ्याच्या हातात एक टँकर आणि एक दिवस. कोणत्या झाडाला पाजायचं, कोणतं सोडायचं, हे त्यानंच ठरवायचं. मागे क्षितिजावर मिलच्या भट्ट्यांचा उजेड, कुठून तरी राजूरच्या गणपतीला चतुर्थीला निघालेल्या लोकांचा आवाज. शहरात खेळ घडवायला शिकणारी मुलं आता आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे मनावर घेतलं तर माहिती मी देईन, झाडाला किती लिटर पाणी लागतं इथपासून. अख्खा खेळ पाच वर्षांनी येऊ दे. पहिली वीस मिनिटं मात्र त्यांनी लवकर हातात द्यावीत.