दुखेपर्यंत चाला

सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात माणूस उगीच थांबला तर पंचाईत होते. खिलार खोंडापाशी जरा उभं राहिलं की मालक दावं धरून पुढं येतो आणि सौद्यासाठी रुमालाखाली हात मागतो. त्या दिवसांत शंभरेक पावलं चाललो की माझी डावी पोटरी अशी आवळून यायची की थांबल्याशिवाय गत्यंतर नसे. भर रस्त्यात नुसतं उभं राहायची लाज वाटायची, म्हणून मी खोंडाचे दात बघत असल्याचं सोंग करायचो. शेवटी एक व्यापारी म्हणालाच, "गुरुजी, लई दिवस झालं बघताय, एकदा हात तरी घाला की!"

घरात याला वात म्हणत. तेल झालं, शेक झाला. पण वातात न बसणारी एक गोष्ट होती: दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की दुखणं पार निघून जायचं आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर हजर व्हायचं. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी पोटरी दाबलीच नाही. दंडाचा रक्तदाब घेतला, मग घोट्याचा, आणि दोन्हींचा भागाकार केला. निरोगी माणसात तो १ च्या आसपास येतो, ०.९ च्या खाली गेला तर पायाची धमनी अरुंद झाली असं समजतात. माझा ०.७ आला. "बिडी किती वर्षांची?" हा त्यांचा पुढचा प्रश्न.

गोळ्या लिहून दिल्या, बिडी बंद केली आणि म्हणाले, "आता चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं."

मी डाळिंबवाला माणूस. ठिबकची नळी तुंबली तर ॲसिड सोडायचं, नाहीतर नळी बदलायची. पाणी सोडत राहिल्यानं नळी सुधारते, असं कुणी पाहिलंय? तसं बोललोही. डॉक्टर म्हणाले, "नळी निर्जीव असते, गुरुजी. धमनी जिवंत आहे."

हे वाक्य डोक्यातून जाईना. शाळा सुटली तरी वाचायची खोड सुटलेली नव्हती, म्हणून शोधत गेलो. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एकपदरी अस्तर असतं. रक्त जोरात वाहू लागलं की त्याचं घर्षण या अस्तराला कळतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात धमनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि वाट रुंदावते. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञानं सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवून दिलं, की अस्तर खरवडून काढलं तर जे औषध धमनी सैल करतं ते निकामी ठरतं. अस्तरातून येणारा हा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढं उलगडलं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. बिडीचा धूर नेमका याच अस्तराचा वैरी.

बसलेल्या माणसाच्या शरीरातलं जेमतेम पाचवा हिस्सा रक्त स्नायूंकडे जातं. जोराची मेहनत चालू असताना हाच वाटा ८० टक्क्यांपर्यंत चढतो. ज्या स्नायूला प्राणवायू कमी पडतो तो स्वतःच आसपासच्या बारीक धमन्या उघडून घेतो, आणि त्याच वेळी आतडी, मूत्रपिंड यांच्याकडचं रक्त आखडतं. भरपेट जेवून झपाझप चालू नये म्हणतात ते उगीच नव्हे. आमच्याकडच्या उन्हात तर त्वचाही अंग गार ठेवायला रक्त मागते. म्हणून मी दिवस उगवायच्या आत बाहेर पडायचो, पंढरपूर रस्त्याच्या कडेनं.

चालण्याचे पहिले आठवडे वैतागाचे गेले. दुखलं की थांब, गेलं की चल, असं अर्धा-पाऊण तास. "काय ओ गुरुजी, गाडी बंद पडली का?" असं दुधवाले विचारत. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास एकदा मागं वळून पाहिलं तर सूतगिरणीपर्यंत न थांबता आलो होतो.

डॉक्टरांनी पुन्हा भागाकार केला. उत्तर जवळजवळ तेच! मी नाराज झालो, ते नाही झाले. धमनीतला चरबीचा थर चालून विरघळत नाही, तो आहे तिथंच आहे. बदलतं ते त्याच्या भोवतीचं. आडवाटेच्या बारीक वाहिन्यांना जास्त रक्त न्यावं लागतं, तशा त्या काही प्रमाणात रुंदावतात, स्नायूत नव्या केशवाहिन्या फुटतात, आणि आलेला प्राणवायू पोटरी अधिक काटकसरीनं वापरायला शिकते. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला हे काही वेगळं समजावून सांगायला नको.

ज्यांची पोटरी चालताना आवळते आणि थांबताच मोकळी होते, त्यांनी तेल चोळत बसू नये. दंड आणि घोटा दोन्हीचा रक्तदाब मोजून मागावा, थोडक्या वेळाचं काम आहे. आणि पाय बसल्या जागी किंवा रात्री झोपेत दुखत असेल, गार पडत असेल किंवा बोटाची जखम भरत नसेल, तर आधी डॉक्टर गाठा. चालण्याचं नंतर बघू.