हुसाविक गावच्या संघटना



भूगोलाच्या पुस्तकात आइसलंडला चार ओळी मिळतात: बर्फ, ज्वालामुखी, गरम झरे, मासेमारी. यंदाच्या सुट्टीत त्या देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील हुसाविक गावाविषयी आम्ही वाचले. वस्ती जेमतेम अडीच हजार, म्हणजे आपल्या इंदूरची एखादी कॉलनी.

आइसलंडच्या व्यापारावर १६०२ ते १७८७ पर्यंत डेन्मार्कची मक्तेदारी होती. ती उठली तरी हुसाविकचा व्यापार डॅनिश कंपनीच्याच हाती राहिला. शेतकऱ्याने लोकर आणि मेंढ्या द्यायच्या, भाव दुकानदाराने ठरवायचा, वहीत उधारी वाढत जायची. शेवटी १८८२ साली त्या भागातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन देशातील पहिली सहकारी व्यापारी संस्था काढली. याकोब हाल्फदानार्सन तिचे पहिले व्यवस्थापक. जिवंत मेंढ्या जहाजाने ब्रिटनला पाठवायच्या आणि त्या बदल्यात माल आणायचा, असा व्यवहार.

आम्हाला सर्वांत आवडली ती त्यांची पुस्तकांची हौस. याच शेतकऱ्यांपैकी काहींनी १८८८ साली वाचकमंडळ काढले. पुस्तके बहुधा डॅनिश, नॉर्वेजियन अशा परक्या भाषांतली. वाचायची त्यांच्यात आणि चर्चा करायची आपल्या भाषेत. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीत झाले आणि घरी मराठी, म्हणून आम्हाला हे लोक अगदी शेजारचे वाटले!

बंदरावरच्या मजुरांची गोष्ट निराळी. त्या काळी देशभर मजुरी बहुधा रोख मिळत नसे, दुकानाच्या खात्यात जमा होई. ती पैशांतच द्यावी असा कायदा १९०२ साली झाला. हुसाविकच्या कामगारांनी १९११ मध्ये आपली युनियन स्थापली. स्त्रियांनी १९१८ मध्ये वेगळी काढली आणि नाव ठेवले 'वोन', म्हणजे आशा. पुढे सहकारी संस्था स्वतःच गावातील मोठी मालक झाली. काल दुकानदाराशी झगडणाऱ्यांची संस्था आज मजुरी ठरवू लागली!

आमच्या लहानपणी इंदुरात युनियन म्हणजे मिलच्या गेटवरची सभा, लाल झेंडा आणि हरताळ. घरातील मोठी माणसे तो शब्द हळू आवाजात बोलत. आइसलंडमध्ये आजही दर १० पैकी सुमारे ९ कामगार युनियनचे सदस्य आहेत आणि त्यात कोणाला विशेष काही वाटत नाही. हुसाविकच्या दोन्ही युनियन १९६४ साली एक झाल्या. आज ती संघटना नव्या नावाने चालू आहे. शेतकऱ्यांच्या संस्थेचे दुकान मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडले.

आपल्या पालक-संघाची वार्षिक सभा येत्या रविवारी सकाळी १० वाजता शाळेच्या सभागृहात आहे. कोरम ४० चा आहे.