पिकअप उंच झाली, ब्रेक तेच

पिकअपला कॉइलओव्हर बसवायची हौस तालुक्यात वाढलीय. शॉकअपच्या भोवतीच स्प्रिंग असलेला जोड, गाडी उंच होते, रुबाब येतो. हौसेला माझी ना नाही. पण फिटिंग कशी चालते ते बघितलं की धडकी भरते.

स्प्रिंग दाबलेली असताना वरचा मधला नट काढला की ती उसळते, समोर हात आहे की तोंड बघत नाही. कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय त्या नटाला पाना लावू देऊ नका. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवेत. आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं जमिनीला टेकल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळून फाटतं. मग अलाइनमेंट. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज ताणत नाही ना तेही बघा.

आणि स्प्रिंग कडक झाली म्हणून दहा गोण्या जास्त टाकायच्या? एक्सल आणि ब्रेक जुनेच आहेत हो! आरसीवरचं वजनही तेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये हेच सांगितलंय. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच काढू शकते. बसवायच्या आधी एकदा आरटीओत विचारा. मागं हौद्यात मजूर बसलेले असतात, त्यांना तर कुणीच विचारत नाही.