कमळ मंदिराच्या दारात

फरिदाबादहून सकाळची मेट्रो धरली की अर्ध्या-पाऊण तासात कालकाजी मंदिर स्थानक येतं. एका अंगाला कालकाजी देवीचं जुनं देऊळ, घंटा, झेंडूच्या माळा, नारळवाल्यांच्या हाका. दुसऱ्या अंगाला आमचं बहाई उपासना मंदिर. सगळी दिल्ली त्याला लोटस टेम्पल म्हणते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आठवड्याचे दोन दिवस मी इथे सेवेला येते.

आमचं घर मूळचं पाचगणीचं. तिथल्या न्यू एरा शाळेमुळे, जी १९४५ साली बहाईंनी सुरू केली, आमच्याकडे हा धर्म लहानपणापासून ओळखीचा. बहाई धर्मात पुरोहित नसतो. म्हणून बाकं पुसणं असो, दार राखणं असो की प्रार्थना म्हणणं असो, ते आपल्यापैकीच कुणीतरी करायचं असतं. २६ एकरांचा परिसर, नऊ तळी, हिरवळ, हे सारं मुख्यतः माळ्यांच्या आणि सफाई कर्मचाऱ्यांच्या कष्टांवर टिकून आहे, हे आधी सांगायला हवं. आम्ही त्यांच्या हाताखालची माणसं. वावटळ येऊन गेली की दुसऱ्या दिवशी बोटभर धूळ निघते. मे महिन्यात अशा सकाळी आम्ही दार उघडण्याआधी ओल्या फडक्याने बाकांच्या रांगामागून रांगा पुसत जातो, आणि बादलीतलं पाणी किती वेळा बदललं हे मोजणं सोडून देतो.

त्यानंतर चपलांची खोली. आत अनवाणी जायचं असतं. येणाऱ्याला पिशवी द्यायची, चपला भरलेली पिशवी घ्यायची, बिल्ला हातात ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी रांग संपता संपत नाही. नव्या स्वयंसेवकांना हे काम कमीपणाचं वाटतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं आहे. मला मात्र तेच सगळ्यांत आवडतं. शेतावरच्या चिखलाची चप्पल, लग्नातली मोजडी, शाळेच्या सहलीतले पन्नास एकसारखे बूट, सगळं एका फळीवर येतं.

पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. तेव्हा माझी पाळी आतल्या दारावर होती. एका तरुण बाईचं तान्हं बाळ रडायला लागलं आणि मी लांबूनच ओठांवर बोट ठेवून तिला बाहेरची वाट दाखवली. ती गेली. पुन्हा आली नाही. माझ्या शेजारी केरळच्या एक बाई होत्या, माझ्याहून पुष्कळ जुन्या सेविका. त्या मला काही बोलल्या नाहीत. तासाभराने दुसरं मूल रडलं तेव्हा त्या स्वतः त्या आईपाशी गेल्या, वाकून काही पुटपुटल्या, तिच्याबरोबर बाहेर बागेत चालत गेल्या, मूल निवल्यावर दोघांना परत घेऊन आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून मी बोट दाखवत नाही.

दारापाशी लोकांचे गट करून आधी दोन वाक्यं सांगायची असतात: आत बोलू नका, फोटो काढू नका, हवा तितका वेळ बसा. हे हिंदीत आणि इंग्रजीत. नऊवारी दिसली की मी मराठीतही सांगते.

मागच्या हिवाळ्यात लातूरकडची एक यात्रेची बस आली होती. हरिद्वार करून मंडळी दिल्लीत उतरली होती. त्यातल्या एका आजींनी माझा हात धरला.

"बाई, देव कुठं हाय गं आत?"

"आजी, आत मूर्ती नाही."

"मग हात कुणाला जोडावं?"

"तुमचा विठोबा आहे ना मनात? त्यालाच जोडा. इथे तेच करायचं."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढली आणि दानपेटी विचारली. इथे दानपेटी नाही. बहाई नसलेल्यांकडून मंदिर पैसा घेतच नाही. खर्च बहाईंच्या देणगीतून चालतो. जमिनीसाठी १९५३ साली सिंधमधल्या हैदराबादच्या अर्देशीर रुस्तमपूर यांनी आयुष्यभराची शिल्लक देऊन टाकली होती. त्यावर फरीबर्ज साहबा या वास्तुविशारदाने २७ पाकळ्यांचं हे कमळ उभं केलं, आणि डिसेंबर १९८६ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. एवढं सगळं आजींना सांगितलं नाही. "नोट नातवाला द्या," एवढंच म्हणाले.

बाहेर आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "लई निवांत वाटलं. आन् उन्हाळ्यात गार बी असंल बघ." न सांगता त्यांनी बरोबर ओळखलं होतं. भोवतीची नऊ तळी केवळ शोभेची नाहीत. पाण्यावरून येणारी हवा तळघराच्या झरोक्यांतून आत शिरते आणि तापलेली हवा वरून निघून जाते. म्हणून तळ्यात पान पडलं, शेवाळ धरलं, तर ते काढण्याची घाई असते.

मार्चमध्ये आमचे उपवास येतात, १९ दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त, पाण्याचा घोटही नाही. पांढरा संगमरवर तोवर तापायला लागलेला असतो. त्या दिवसांत मी एकदा दुपारच्या प्रार्थनेत मराठीत वाचलं होतं. इथे वाद्य नाही, प्रवचन नाही. नाना धर्मांची वचनं नुसत्या आवाजात म्हणतात. माझा आवाज कोरडा पडला होता आणि घुमटाखाली तो कितीतरी वेळ फिरत राहिला. ऐकणाऱ्यांत मराठी कुणी असेल असं वाटलं नव्हतं. संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका फौजी माणसाने हात जोडले.

दिल्लीला आलात तर बाहेरच्या कट्ट्यावर फोटो काढून परत फिरू नका. रांग मोठी दिसली तरी थांबा. चपला आमच्याकडे द्या, आत या, आणि दहा मिनिटं बसा. सोमवारी मात्र मंदिर बंद असतं.