परतलेले स्टेशन

स्टेशन हे दुसऱ्यांना पोचवण्यासाठी असते. स्वतः कुठे जाण्याची सोय त्याला नाही. निदान आपल्याकडे नाही. जपानात मात्र मी एक स्टेशन पाहिले, ते चांगले तेरा-चौदा वर्षे गावाला गेले होते आणि मग परत आले.

तोकियोच्या पश्चिमेला कुनिताची म्हणून गाव आहे. भाचा तिकडे नोकरीला, त्याच्या आग्रहाने मी गेलो होतो. या गावाच्या नावाची मोठी मौज आहे. कोकुबुंजी आणि ताचिकावा या दोन स्टेशनांच्या मधे 1926 साली हे नवे स्टेशन झाले. नाव काय द्यावे? एकाचे पहिले अक्षर घेतले, दुसऱ्याचे पहिले घेतले आणि जोडून टाकली. तिकडे एकाच अक्षराचे दोन उच्चार होतात, म्हणून 'कोकु'चे 'कुनि' झाले एवढेच. मूळ खेडे याहो. पण 1951 साली त्यानेही स्टेशनचेच नाव घेतले. आपल्याकडे कुर्डुवाडीच्या स्टेशनला पूर्वी बार्शी रोड म्हणत. बार्शी पुढे बावीस मैलांवर, पण नावाचा मान तिचा!

1923च्या भूकंपानंतर तोकियोतले व्यापारविद्येचे विद्यापीठ इकडे हलवायचे ठरले आणि त्याच्याभोवती शहर आखले गेले. स्टेशनापासून निघणारा रस्ता 44 मीटर रुंद. त्याच्या तोंडाशी हे लाकडी स्टेशन, लाल तिकोनी छपराचे. लहान मुलाने पाटीवर घर काढावे तसे दिसते.

पुढे रूळ उंचावर न्यायचे ठरले. फाटकाशी खोळंबणाऱ्या माणसांची सोय व्हायची होती, त्यामुळे त्याला नाही तरी कोण म्हणणार? इमारत आड येत होती. गावकऱ्यांनी तिच्यासाठी खटपट केली. 2006 साली ती पाडली नाही, उतरवली; वासे आणि तुळया पालिकेने जपून ठेवल्या. पालिकेने जागा मिळवली, लोकांनी देणग्या दिल्या आणि 2020च्या एप्रिलात मूळ जागेला जवळजवळ लागूनच स्टेशन पुन्हा उभे राहिले. गाड्या आता मागे, वरच्या पुलावरून धावतात. इथे तिकीट मिळत नाही. लोक बसतात, गावची माहिती घेतात, निघून जातात.

मी अर्धा तास बसलो. खरे सांगायचे तर मला ते जरा फार स्वच्छ वाटले. स्टेशनला कोळशाचा, घामाचा, निदान पोत्यांचा तरी वास हवा. पण एका तुळईवर जुन्या लाकडाला नव्या लाकडाचा तुकडा सांधलेला दिसला आणि माझी तक्रार तिथेच थांबली. कुजले तेवढेच काढले होते. आपण असे दुखणे काढताना सगळे घरच काढतो.

माझे वडील बार्शी लाइटवर एका लहानशा स्टेशनचे मास्तर होते. अडीच फुटी रूळ. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला पहिली गाडी गेली, 1911 साली ती लातूरला पोचली, 1927 साली मिरजेला. रुंद रूळ आले तेव्हा आमच्या बाजूचा मार्गच बदलला. 2008 साली नवी गाडी उस्मानाबादवरून धावू लागली आणि आमचे स्टेशन माळावर एकटे राहिले. पहिल्यांदा दारे गेली. मग कौले. मग एकेक दगड. कुनिताचीला लाकडे जपून ठेवली होती. आमच्याकडे लाकडांवर नुसते आकडे घालायलाही कुणी आले नाही. तरी गावात कुणालाही विचारा, कोणता दगड कुणाच्या गोठ्यात आहे ते तो बिनचूक सांगेल. तिकिटाच्या खिडकीची शिळा एका घरी धुणे धुण्याला आहे. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आहे. रोज अकराला शिपाई त्याच्यावर टोला मारतो आणि त्या आवाजावर मी वर्गात जातो. चांगला आवाज आहे. नव्या घंटेचा नाही तसा.

परत आल्यावर वडिलांना सगळे सांगितले. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते. लाल छपराचे, तुळयांचे, देणग्यांचे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"आणि गाडी किती वाजता?" त्यांनी विचारले.

"तिथे नाही थांबत आता, अण्णा. वरून जाते."

"मग मास्तर?"

"मास्तर नाही. एक बाई असतात. आल्यागेल्याला माहिती सांगतात."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगू देत. पण रात्री दिवा कोण लावतं, ते विचारलंस का?"