वाजणारी अंडी

मंडळी, मार्च महिन्याचे तीन वीकांत मी अंडी बनवण्यात घालवले. कागदाची अंडी. आणि ती वाजतात :)

आमचं घर मराठी ख्रिस्ती. ईस्टरला पहाटेची उपासना, मग मुकुंदवाडीच्या घरी नाश्ता, आणि मग गच्चीवर आणि अंगणात पोरांचा अंडीशोध. हा शेवटचा प्रकार आजीच्या काळातला नाही, ताईने सुरू केला. आई कांद्याच्या सालांत अंडी उकडते, काय झकास विटकरी रंग येतो! पण हे सगळं डोळ्यांचं काम. माझी भाची आठ वर्षांची आहे, आणि तिला उजेड-अंधार एवढाच फरक कळतो. २०२५ च्या ईस्टरला तिच्या टोपलीत एकच अंडं होतं, तेही मामेभावाने हातात आणून दिलेलं. ती मला म्हणाली, "मामा, मला अंडं नकोय. शोधायचंय."

आता यावर काय बोलणार?

अमेरिकेत बॉम्बशोधक पथकांमधली माणसं दृष्टिहीन मुलांसाठी बीप वाजणारी ईस्टरची अंडी बनवतात, हे वाचलं होतं. वायरी, बॅटरी, बझर... त्यांच्या रोजच्या कामातलंच सामान! म्हटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल.

बझर आणि दोन पेन्सिल सेल कोंबडीच्या अंड्यात मावत नाहीत. मग रंगपंचमीचे उरलेले फुगे आठवले. मुठीपेक्षा थोडा मोठा फुगवायचा, मैद्याच्या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या, चार थर. पहिला दिवस सावलीतच वाळवायचं, कारण आमच्याकडच्या उन्हात आतली हवा फुगते आणि ओला कागद तडकतो. दुसऱ्या दिवशी खुशाल गच्चीवर. मग ब्लेडने मधोमध कापायचं, आत सामान, सुईने भोकं (आवाज बाहेर यायला नको का?), आणि वरून पक्की चिकटपट्टी. घरात लहान पोर असेल तर बटण सेल वापरूच नका, ते गिळलं तर फार वाईट होतं.

बझर सलग वाजला तर डोकं उठतं, शिवाय आवाज कुठून येतोय ते नीट कळत नाही. म्हणून आत एक छोटी चिप टाकली, अर्धा सेकंद बीप, दोन सेकंद गप्प. प्रोग्राम जेमतेम दहा ओळींचा. हापिसात यापेक्षा मोठी ईमेल लिहितो मी.

सजावट मात्र बोटांसाठी केली. एकावर साबुदाणा, एकावर सुतळी, एकावर तांदूळ. आणि प्रत्येकावर मोहरीच्या दाण्यांनी ब्रेलमधलं एकेक अक्षर. मोहरीचा दाणा जवळजवळ ब्रेलच्या ठिपक्याएवढाच असतो, फक्त चिमट्याने बसवताना मान धरते. 'क' ला दोनच दाणे लागतात, 'म' ला तीन. ब्रेल मला येत नव्हती, भाचीने फोनवर शिकवली. कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

ताईचं म्हणणं, बाकीच्या पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधू. भाचीने साफ नकार दिला. "त्यांना दिसतं तर दिसू दे ना." मग काय, सहाही अंडी अशी लपवली की नजरेला पडणारच नाहीत: रिकाम्या माठात, पाण्याच्या टाकीमागे, वाळत घातलेल्या चादरीत.

५ एप्रिल २०२६. आठच्या सुमाराला सुरुवात केली, नंतर गच्ची तापते. घर मुकुंदवाडी स्टेशनपासून लांब नाही, त्यामुळे मधेच गाडीने भोंगा दिला की बीप ऐकूच येईना. बाकीची पोरं तरी धावतच होती. ही मात्र जागच्या जागी उभी, मान जराशी कलती. गाडी गेली, आणि ही सरळ टाकीकडे चालत गेली. वाटेत कुणालाही हात मागितला नाही. अंडं हातात घेतलं, बोट फिरवलं आणि जोरात ओरडली, "म!"

सहापैकी चार तिने शोधली. मामेभावाने माठातलं काढलं, आणि चादरीतलं आईला सापडलं, कारण तिला चादरी काढायच्याच होत्या.

दुपारी भाचीने एक अंडं उघडायला लावलं. चिप, सेल, बझर सगळं चाचपून झालं. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मी लपवणार. तू शोध. आणि मामा, पट्टी बांधून हं."

२०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. ती आत्तापासून मोहरी मागतेय.